हरकतकाका आणि सत्तेचाळीस नंबरचा सडा

लोक देवाला नारळ देतात, प्रसाद घेतात आणि घरी जातात. आमचे हरकतकाका पुजाऱ्याकडून पोच घ्यायचे.

थट्टा नाही करत. काकांच्या शबनममध्ये एक जाड लाल वही असायची. त्यात ते स्वतःच लिहायचे, "नारळ नग एक मिळाला, सकाळी सात वाजून दहा मिनिटं," आणि खाली पुजाऱ्याने सही करायची. पुजारी आधी हसला, मग चिडला, मग रडकुंडीला आला आणि शेवटी त्याने देवळाच्या खांबाला दोरीने पेनच बांधून ठेवलं. एका दिवाळीत मी त्यांना डब्यातून चकल्या दिल्या, तर डबा परत आला तेव्हा आत चिठ्ठी. "चकल्या अकरा मिळाल्या. पैकी एक मोडकी." मी म्हटलं, काका, ती मोडकी तुम्ही शबनम हलवत नेलीत म्हणून मोडली. तर म्हणाले, "मग तसा शेरा मारा."

माझं विश्रांतवाडीत झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, आमच्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. मी खुर्चीतून उठले की डोकं पायरीला आपटतं, एवढं प्रशस्त. पण त्या काळात धंदा जोरात होता. हिंजवडीत रोज नवी कंपनी उघडायची आणि पुण्यातलं प्रत्येक इंजिनिअर पोर आपला बायोडेटा घेऊन माझ्यासमोर उभं. सगळ्यांचे बायोडेटा सारखेच. सगळे कष्टाळू, सगळे जिद्दी, सगळ्यांचा छंद वाचन. एकदा ह्या रांगेत धोतर नेसलेला, काळी टोपी घातलेला, काठीसारखा ताठ माणूस उभा राहिला.

"मराठीत टाइप करून मिळेल?"

"मिळेल."

"बिनचूक?"

"चुका हव्या असतील तर आधी सांगावं लागतं," मी म्हटलं. मी पुण्यातच वाढलेली बाई आहे, माझं तोंड असं चालतं.

त्यांनी फुलस्केपचे सहा कागद माझ्या पुढ्यात ठेवले. मी घेतले. ते जाईनात.

"आणखी काही?"

"पोच द्या."

नाव केशव बापू जगदाळे. हरकतकाका हे नाव मी ठेवलं आणि आठवड्याभरात ते पिनकोडसारखं सगळीकडे चालू झालं. काकांनी तेहतीस वर्षं एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढली होती. जगाने अर्ज आणून द्यायचे आणि काकांनी शिक्का मारून पोच द्यायची. त्यांच्या टेबलावरून म्हणे एक कागद कधी हरवला नाही. पुढे कचेरीत संगणक आले आणि साहेबांनी सांगितलं की आता हा डबा नोंदी करील. काका निवृत्त झाले. निवृत्तीच्या समारंभात मिळालेल्या शालीची त्यांनी पोच दिली आणि नारळाच्या आकाराबद्दल तोंडी हरकत नोंदवली.

घरी कोणी नव्हतं. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मग एवढा तयार झालेला माणूस करणार काय? आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज घेतले, आता स्वतः द्यायला लागला. सकाळी पेपर आला की लोक क्रिकेट बघतात, काका जाहीर नोटिसा बघायचे. "कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे" हे वाक्य दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावर जी कळा यायची, ती मी जेवणाच्या पंगतीत जिलबी बघितलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. कोणी आडनाव बदललं, कोणी गच्चीवर शेड टाकली, कोणी झाड तोडायची परवानगी मागितली, काकांचं पत्र ठरलेलं. आमच्या शेजारच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं बारा मिनिटं उशिरा सुरू झाली, तर काका अक्षता मुठीत धरून उभे राहिले आणि म्हणाले, "माझी हरकत आहे. नोंद घ्यावी." भटजींनी नोंद घेतली. दुसरं करणार काय?

लोक हसायचे. मीही हसायचे. पण त्या पहिल्या सहा कागदांत जे होतं, ते वेगळं होतं.

काकांचं गाव साताऱ्याच्या पलीकडे, डोंगरात. नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. गावाच्या डोक्यावर मैलभर लांब खडकाळ पठार आहे, त्याला तिकडे सडा म्हणतात. त्या सड्यावर एका कंपनीला पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या. चक्क्यांची अजस्र पाती वर न्यायची तर रुंद रस्ता पाहिजे आणि तो रस्ता लोकांच्या रानांतून जाणार होता. तहसीलदारांनी हरकती मागवल्या होत्या. गावात दोन तट पडले होते. काहींना रस्ता पाहिजे होता, रोजगार पाहिजे होता. काही म्हणत होते की सुरुंग लावले तर डोंगराचे झरे आटतील, गवत जाईल, गुरं कुठे न्यायची? आणि पुण्यात एकटे हरकतकाका म्हणत होते, "गट नंबर सत्तेचाळीसमधून रस्ता नेण्यास माझी सक्त हरकत आहे."

"सत्तेचाळीस तुमचा का?" मी विचारलं.

"वडिलोपार्जित. एक एकर. सड्याच्या कडेला." त्यांनी शबनममधून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक पिवळा कागद काढला. वडिलांच्या वेळचा. त्यावर मोडीसारख्या गिचमिड अक्षरात सत्तेचाळीस. मग पाकिटातून आलेखाच्या कागदावर काढलेला एक नकाशा काढला. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत खुर्चीची जागा. "मी तिथे जाऊन राहणार आहे, ताई. इथे काय आहे आता? तिथे भाद्रपदात सडा असा फुलतो की पाय ठेवायला जागा नसते. आणि वारा! माणसाला टोपी धरून बोलावं लागतं."

"म्हणजे वारा तुमचा झाला?"

"माझा नाही. पण त्याला दावणीला बांधायला माझी हरकत आहे."

तेवढ्यात वीज गेली.

ती भारनियमनाची वर्षं होती. आमच्याकडे रोज ठरलेल्या वेळी वीज जायची आणि शिवाय मधूनमधून न ठरवता जायची. काकांची साडेचार पानं टाइप झाली होती, सेव्ह करायची राहिली होती. पडदा काळा झाला आणि माझं डोकं फिरलं.

"काका, ह्या पवनचक्क्या वीज करणार आहेत. आणि तुमची हरकत टाइप करायला मला वीज लागते. कळतंय का, आपण काय करतोय ते?"

काकांनी अंधारातच चाचपून वही काढली. मग म्हणाले, "मुद्दा रास्त आहे. तुम्ही तशी हरकत द्या. माझ्या हरकतीवर तुमची हरकत. मी पोच देतो."

असं तीन वर्षं चाललं. पत्र, स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, "आमच्या दिनांक अमुकच्या पत्राकडे आपले लक्ष पुन्हा एकदा वेधण्यात येते." भाषा अशी की वाचणाऱ्याने उठून उभं राहावं. झऱ्यांबद्दल, गवताबद्दल, सड्यावरच्या फुलांबद्दल, टिटवीच्या अंड्यांबद्दल, स्वतःच्या नियोजित दोन खोल्यांबद्दल. एका पत्रात तर वाऱ्याची बाजू मांडली होती. बायोडेटावाली पोरं मागे ताटकळायची आणि काका मला सांगायचे, "नववा परिच्छेद, उपकलम आ. लिहा. सदरहू वारा पुरातन काळापासून निर्वेधपणे वाहत असून..." एका मुलाने कंटाळून त्यांना आपलं नोकरीचं पत्र दाखवलं, तर काकांनी त्यातल्या चौदाव्या अटीवर हरकत काढून दिली. पोरगं खुळ्यासारखं घेऊन गेलं. कंपनीने अट बदलली म्हणे! त्यानंतर पोरं त्यांना खुर्ची द्यायला लागली.

मला एकच कोडं होतं. एवढं प्रेम त्या जागेवर, तर हा माणूस तिकडे जात का नाही? साताऱ्याला एसटी दर अर्ध्या तासाला आहे.

एकदा मी लग्नपत्रिका लावत होते. पत्रिका छापणाऱ्यांनाच ठाऊक असतं, ते काय जळतं काम आहे. नवरा-नवरीची नावं पाच मिनिटांत होतात. खाली निमंत्रकांची यादी असते ना, तिथे घरं फुटतात. आत्याचे यजमान आधी की मोठे काका आधी, आणि मामा कुठे? काका शेजारी बसून बघत होते. अचानक म्हणाले, "वडील भावाचं नाव पहिलं. नेहमी."

"पार्टीने दिलंय तसं लावतेय."

"माझं तिसरं होतं," काका म्हणाले.

मग हळूहळू निघालं. गावाला धाकटा भाऊ, निवृत्ती. त्याच्या मुलीचं लग्न. पत्रिकेत निमंत्रक म्हणून पहिलं नाव निवृत्तीचं, दुसरं मुलीच्या मामाचं आणि तिसरं काकांचं. सख्ख्या मोठ्या भावाचं, मामाच्या खाली! काकांनी काय करावं? फोन? भेट? छे. रजिस्टर्ड पोस्टाने लेखी हरकत पाठवली. धाकट्यालाही राग आला. त्याने उत्तर पाठवलं नाही. काका लग्नाला गेले नाहीत. त्याला चौदा वर्षं झाली होती.

"चौदा वर्षं? एका ओळीवरून?"

"एका नाही. दोन ओळींवरून," काका म्हणाले. "आणि त्याने पोचही दिली नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, तुम्ही दोघं भाऊ शोभता. काका वही उघडून बसले, पण त्यात काही लिहिलं नाही.

आणि मग कागद आला. रस्त्याच्या आखणीची स्थळपाहणी, सर्व हरकतदारांनी जागेवर उपस्थित राहावे. काका दुकानात आले ते पत्र दोन्ही हातांत धरून. "बोलावलंय," एवढंच म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा ते पोच मागायला विसरले. मग म्हणाले, "तुम्ही याल का? सगळं टाइप तुम्ही केलंय. एखादा परिच्छेद विचारला तर." अहो, परिच्छेद त्यांना तोंडपाठ होते. चौदा वर्षांनी गावात एकट्याने पाय ठेवायची हिंमत होत नव्हती, हे मला न कळायला मी काय दुधखुळी आहे? आमच्या ह्यांची मारुती व्हॅन होती. मी ह्यांना म्हटलं, रविवारी सड्यावर जायचं. हे म्हणाले, कशाला? मी म्हटलं, वारा खायला.

काका इस्त्रीचं धोतर नेसून आले होते. घाट चढेपर्यंत त्यांनी आम्हाला प्रत्येक वळणाचा इतिहास सांगितला. गाव दिसायला लागल्यावर इतिहास संपला आणि ते धोतराची इस्त्री चाचपत बसले.

सडा मी आयुष्यात प्रथमच बघत होते. नुसता काळा खडक आणि आभाळ. काका फुलं म्हणाले होते, तो मोसम नव्हता, पण वाऱ्याबद्दल अक्षरही खोटं नव्हतं. माझा पदर, ह्यांचे केस, काकांची टोपी, सगळं एका दिशेने निघालं होतं. पन्नासेक माणसं जमली होती. एक सर्कल म्हणजे मंडल अधिकारी, दप्तर घेतलेला तलाठी, हेल्मेट घातलेला कंपनीचा इंजिनिअर, आणि बाकी गाव. माझ्या शेजारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"पुन्याच्या का तुमी?"

"हो. आमच्याकडे वीज फार जाते हो," मी आपलं पवनचक्क्यांच्या बाजूने थोडंसं बोलले. तीन वर्षं तुंबलं होतं.

"जाती व्हय?" म्हातारी म्हणाली. "आमच्यात आलीच कवा? वारा आमचा, झरा आमचा, आन लाइट तुमच्या पंख्याला. ब्येस हाय."

मी गप्प बसले. मला गप्प करणारी माणसं थोडी आहेत, त्यांत ती एक.

सर्कलने कागद उघडला. आवाज वाऱ्यात उडत होता म्हणून तो ओरडून वाचत होता. चक्क्या पलीकडच्या उघड्या खडकावर होणार, त्याला गावाने मान्यता दिली आहे. रस्त्याबाबत मात्र हरकती आल्या. विशेषतः गट सत्तेचाळीसबाबत एकवीस पत्रं आली. इथे गर्दीत हशा पिकला. त्या गटात झरा आहे, खालची वस्ती त्याच पाण्यावर आहे, हा मुद्दा प्रशासनास योग्य वाटतो. "तरी गट सत्तेचाळीस पूर्णपणे वगळून रस्ता वरच्या बाजूने, गट बावन्नमधून नेण्यात येत आहे."

माझा जीव भांड्यात पडला. जिंकलो! काकांच्या पाठीवर थाप मारणार होते, पण काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते कड्याच्या बाजूला बघत होते.

"झरा?" ते हळूच म्हणाले. "माझ्या तुकड्यात झरा नाही, ताई."

सर्कलने विचारलं, "बावन्नचे खातेदार कोण?"

तलाठ्याने सातबारा चाळला. "केशव बापू जगदाळे. राहणार पुणे."

वाचकहो, आता सांगते काय झालं होतं ते. काकांकडचा पिवळा कागद वडिलांच्या वेळचा, त्यावर जुना सर्व्हे नंबर सत्तेचाळीस. पुढे गावात गटवारी झाली, जुने नंबर गेले, नवे गट नंबर आले आणि सगळे आकडे सरकले. काकांचा तुकडा झाला बावन्न. आणि नवा सत्तेचाळीस आला खालच्या, झऱ्याच्या रानाला. काका धरून चालले की सर्व्हेचा गट झाला, आकडा तोच. कुणीही तलाठ्याकडून नवा सातबारा काढला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण सातबारा काढायला गावात यावं लागतं. आणि गावात निवृत्ती होता.

तेहतीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे न करणाऱ्या माणसाने तीन वर्षं दुसऱ्याच्याच जमिनीसाठी जिवाचं रान केलं होतं. आणि ते इतकं चोख केलं होतं की रस्ता उचलून स्वतःच्या दोन खोल्यांवर, पडवीवर, खुर्चीच्या जागेवर आणून ठेवला होता. मला ओरडावंसं वाटलं, थांबा, चूक झालीय! मी तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात गर्दीतून एक माणूस पुढे आला. काकांचाच चेहरा, फक्त उन्हात जास्त भाजलेला, डोक्याला मुंडासं. तो काकांच्या समोर आला, वाकला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"दादा, माझा झरा वाचिवलास."

सत्तेचाळीस निवृत्तीचा होता.

काका हललेच नाहीत. एका हातात पिवळा कागद, दुसऱ्या हाताने टोपी धरलेली. तोंडाने काहीतरी जुळवत होते. मी त्यांना ओळखते, चुकीची नोंद समोर दिसली की ह्या माणसाला घास गिळवत नाही. आता सांगतील, मला वाटलं. आता म्हणतील, निवृत्ती, ऊठ, हे पत्र तुझ्यासाठी नव्हतं.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. टोपी सोडली. ती उडाली, आमचे हे तिच्यामागे धावले. मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी काकांनी भावाला उठवलं.

"मग?" ते म्हणाले. "पाण्याचा प्रश्न होता. गप्प कसा बसणार मी?"

सर्कलने विचारलं, "जगदाळे, बावन्नमधून रस्ता जातोय. आपली काही हरकत?"

"नाही," काका म्हणाले. अख्खं गाव हे ऐकायला जमलं असावं असं शांत झालं होतं. "लिहून घ्या, नाही."

मला रडू आलं. वाऱ्याने डोळ्यांत धूळ गेली असं मी ह्यांना सांगितलं, ते त्यांनी खरं मानलं. वीस वर्षांच्या संसारात हा एक गुण.

मग आम्ही खाली निवृत्तीच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने भाकरी, पिठलं, ठेचा केला. काकांना पाटावर बसवलं. चौदा वर्षांचं बोलणं दोघांनी कसं सुरू केलं म्हणता? निवृत्ती म्हणाला, "दादा, म्हस आटली." काका म्हणाले, "कोणती, कपिलेची का?" "तिची नात." बस्स. मग सुटले ते थांबेचनात. पत्रिकेचा विषय कोणी काढला नाही. ज्या मुलीच्या लग्नाची ती पत्रिका, तिचा मोठा मुलगा आता सातवीत होता, त्याच्या फोटोवरून दोघं अर्धा तास भांडले की नाक कोणावर गेलंय.

उन्हं कलली तशी आम्ही निघालो. काका म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी चार दिवस राहतो." कपडे आणले नव्हते, तर अंगावर निवृत्तीचा सदरा चढलेला होता, खांद्यात ढगळ. व्हॅनपर्यंत सोडायला आले. हे गाडीची काच पुसत होते तेवढ्यात काका माझ्या कानाशी वाकले.

"ताई, एक विनंती आहे. ते नंबरचं... त्याला कळता कामा नये. कधीच. त्याला वाटतंय, मी त्याच्यासाठी केलं. वाटू दे."

"आणि तुमच्या दोन खोल्या हो? नकाशा?"

काकांनी मागे घराकडे पाहिलं. "नकाशाचं काय, कागदच तो," असं म्हणाले आणि भरभर आत निघून गेले.

हे गाडी वळवायला पुढे गेले, कारण गल्लीत म्हैस बसली होती. मी फाटकाशी उभी होते. निवृत्ती पिशवी घेऊन आला, आत तांदूळ आणि शेवग्याच्या शेंगा. पिशवी हातात दिली, पण सोडली नाही.

"ताई, कागद तुमीच टाइप करायच्या नव्हं?"

"हो."

"मग तुमाला ठावं आसंल." त्याने मागे वळून बघितलं, काका ऐकत नाहीत ना म्हणून. "नंबर चुकला दादाचा. आबाच्या जुन्या कागदावरनं लिवला त्येनं. मला पयल्याच कागदाला कळलं व्हतं."

"तुम्हाला माहीत होतं? तीन वर्षं? मग सांगितलं का नाही?"

"आज रस्ता बावन्नात घातला तवा मी बोलनारच व्हतो. तवर दादा न्हाई म्हनून मोकळा झाला. आसू द्या, ह्या परड्यात जागा हाय. तितं त्याच्या दोन खोल्या उठिवतो, त्याला पायजे तशा. पर त्याला म्हनू नका मला ठावं व्हतं म्हनून. बिचाऱ्याला लाज वाटंल."

"अहो पण तेव्हाच एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर?"

निवृत्तीने पिशवी सोडली. मुंडाशाच्या शेवाने तोंड पुसलं.

"सत्तेचाळीस माझा, म्हनून हापिसातनं परत्येक कागदाची परत मला यायची, ताई. खाली दादाची सही. तेवढ्यावरनं कळायचं, बरा हाय म्हनून. चूक दाखिवली आस्ती तर कागद यायचं बंद झालं आस्तं."

गाडी आली. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. घाट उतरेपर्यंत हे चारदा विचारत होते, तो काय म्हणाला, तो काय म्हणाला. मी म्हटलं, काही नाही, शेंगा कोवळ्या आहेत म्हणाला.